शेकराची जादा घरटी

शिवाजीनगरहून पावणेसहाची एसटी.
यांनी खिडकी घेतली, मी काठी.
काठी यांचीच, गुडघा बदलल्यापासूनची,
खाली रबरी बूच असलेली,
फरशीवर चालायला शिकलेली.

मंचरला चहा, घोडेगावला पुन्हा चहा.
डिंभ्याचं पाणी बराच वेळ बसबरोबर वळत राहिलं.
हे सांगत होते, या बाजूला अमका घाट, त्या बाजूला तमकं टोक.
मी एकतीस वर्षं डोंगर ओळखते ते यांच्या टाचांवरून.
उजवी जरा बाहेरून झिजलेली.
तिच्यामागून ढाकोबा, तिच्यामागून नाणेघाट.
मान वर केली की हे न वळताच म्हणायचे,
पायाखाली बघ.

बाकीचे देव वर बोलावतात.
भीमाशंकर आपला खाली बसलाय,
धुक्यात, शेवाळलेल्या पायऱ्यांच्या तळाशी.
सत्तरेक पायऱ्या उतरून हे पेढेवाल्याच्या फळीवर टेकले.
"तू जाऊन ये," म्हणाले,
पोस्टात जाऊन ये म्हणावं तसं.

देवापुढे फार वेळ मिळाला नाही.
मागच्या बाईचं नारळाचं पाणी माझ्या पाठीवर.

रानाच्या तोंडाशी वनखात्याच्या पोराने पिशवी उघडली,
वहीत लिहिलं : प्लास्टिकची बाटली, एक.
परत येताना दाखवा म्हणाला.
माणसाची नोंद केली नाही.

"गुप्तला नेते," म्हणाली हौसाबाई लोहकरे,
"दीडशे रुपये. परत आणायचे वेगळे नाहीत."
पायांत नातवाचे शाळेचे बूट,
पदराच्या गाठीत बाळहिरडे.
एक मला दिला. "चावा. तोंड वाकडं होईल, होऊ द्या."

जांभळीत, अंजनीत पाल्याचे मोठमोठे गोळे.
"ते शेकराचं घर. ते पण त्याचंच. ते पलीकडचं पण."
सहा मोजली.
"राहतं कशात?"
"एकात."
"मग बाकीची?"
"असावीत," म्हणाली, आणि चालू लागली.

मी मागून हिशेब करत.
सहकारनगरच्या दोन खोल्यांत माझं जादा काय?
भिशीचा डबा.
दुपारी तीन ते चार गॅलरीतलं स्टूल.
एक फोन नंबर, जो मी लावत नाही.

ओढा कड्यावरून सरळ पिंडीवर पडतो म्हणतात.
मला नुसतं पाणी दिसलं, पांढरं, आरडाओरडा करणारं.
"देव कुठाय?"
"आहे की. खाली. शिमग्याला या, पाणी सरलं की दिसतो."
मी कोपरापर्यंत हात घातला.
काहीतरी गोल लागलं, गार.
असेल तो, किंवा असेल दगड.
हौसाबाई बघत नव्हती, बूट पिळत होती.
ओंजळभर प्यायले. हिरड्याने पाणी गोड लागलं.

परतताना म्हटलं, मी पुढे होऊ?
वाट एकच, तरी तिने विचार केला.
"व्हा. चुकलात तर सांगते."
मी मान वर करून चालले.
एकदा घसरून चांगली बसले चिखलात.
मागून कुणी काही बोललं नाही.

यांनी फळीवर बसून माणसं मोजली होती.
"चारशे बारा उतरली, तीनशे नव्वद चढली.
बावीस कमी होती. त्यातली तू एक."
मग लुगड्याकडे... नाही, साडीच्या चिखलाकडे बघितलं
आणि विचारलं नाही.
"शेकरू दिसलं?"
"घरटं दिसलं."
"किती?"
"एक," म्हटलं.

बाटली चौकीत दाखवायची राहिली, ती पिशवीतच.
पायऱ्या चढताना सवयीने हे पुढे, मी मागे,
काठी आमच्या दोघांत टक टक करत.
तेव्हा लक्षात आलं,
यांची उजवी टाच आता सरळ झिजतेय.